वाळवणाच्या रजिस्टरमधलं ऊन

जानेवारीत शालन गेली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी सोसायटीच्या गेटवर उभा राहून कुरिअरवाल्याला ओटीपी सांगत होतो. शालन म्हणजे माझी बायको. ती हॉस्पिटलमध्ये होती. शनिवारी घरी सोडतो, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या मानपाड्याच्या बाजूला बऱ्याच शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते. म्हणून मी ऑनलाइन एक मोठी बॅटरी मागवली होती. तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. दिसायला हँडल लावलेली पेटी, तिच्या अंगाला घरातल्यासारखे प्लग, आणि सोबत उन्हावर चार्ज करायला दोन सोलर पॅनेल.

ओटीपीचे दोन आकडे सांगून झाले आणि प्रियांकाचा फोन आला. प्रियांका माझी मुलगी, ती हॉस्पिटलमध्ये आईपाशी होती. म्हणाली, "पप्पा, मम्मी गेली." मी "बरं" म्हणालो. माणूस अशा वेळी "बरं" का म्हणतो, मला माहीत नाही. कुरिअरवाला माझ्याच वयाचा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, अजून दोन आकडे." मी उरलेले दोन सांगितले. तो गेला. मी खोक्यावर बसलो आणि रिक्षा शोधायचं विसरलो.

शालनच्या पुण्यानुमोदनाला लोक जमले त्या दिवशी त्याच खोक्यावर चहाचा थर्मास ठेवला होता. पाहुण्यांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, टेबल. पुढे तीन महिने ते टेबलच राहिलं. परत करायची मुदत दहा दिवसांची होती, ती मी टेबलासमोर बसून घालवली. शालनबद्दल मला लिहिता येणार नाही. पेटीबद्दल येईल, म्हणून तेवढंच लिहितो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी लाइट गेली आणि घरात बसवेना. आमच्या जिन्यात वारा चांगला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे चटई टाकून मी झोपलो. तिसऱ्या मजल्यावर शेवंतीवहिनी राहतात. त्या मला ओलांडून घरी गेल्या आणि त्यांनी थेट कोलशेतला प्रियांकाला फोन लावला, की तुझे वडील जिन्यात झोपतात. दीड तासात प्रियांका दारात. मी तेव्हा घरात वरण-भात खात होतो. मी धडधाकट आहे हे बघून ती जास्तच चिडली.

"पप्पा, आता बस झालं. सान्वीची शाळा सुरू व्हायच्या आधी तुम्ही कोलशेतला यायचं. हा फ्लॅट बंद करू."

"मला इथे काय कमी आहे?"

"लाइट."

कोलशेतला रंगाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. आता तिथे टॉवर झालेत आणि त्यातल्या एकात बाविसाव्या मजल्यावर माझी मुलगी आणि नात सान्वी राहतात. तिच्याकडे लाइट गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो, लाइट गेल्याचं घड्याळालासुद्धा कळत नाही. चांगलं घर आहे. मी तिथे चार दिवस राहून आलोय. चार दिवसांत माझ्याशी लिफ्टमध्ये एक माणूस बोलला. तो म्हणाला, "एक्सक्यूज मी."

"माझ्याकडे मशीन आहे," मी म्हणालो.

"कुठलं मशीन?"

मी टेबलावरचा थर्मास उचलला.

तिने खोक्याकडे बघितलं आणि त्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्याचं सीलपण फोडलं नाही तुम्ही."

इथे माझा अपमान झाला. स्टोअरकीपरकडे माल पडून आहे असं म्हणणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यापेक्षा वाईट. मी म्हणालो, "मेच्या शेवटच्या शुक्रवारी ये. लाइट गेल्यापासून परत येईपर्यंत घरात बस. पंखा थांबला तर मी सामान बांधतो."

"शब्द?"

"शब्द."

ती गेल्यावर मी सील फोडलं. माहितीपुस्तक अकरा भाषांत होतं, त्यात आपली नव्हती. शेवटी चित्रं बघून काम चालवलं. सोसायटीचे सेक्रेटरी मुकुल वैद्य यांनी पहिला सल्ला दिला. ते शुद्ध बोलतात आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, आपण ते लिहून घ्यावं म्हणून. "शिरसाटसाहेब, सोपं आहे. गुरुवारी ही पेटी भिंतीच्या प्लगवर चार्ज करावी. शुक्रवारी वापरावी. सूर्याला मधे आणूच नये."

सल्ला शहाणपणाचा होता. मी करून बघितलं. पंखा सकाळी नऊला लावला, अडीच वाजता थांबला. लाइट येते पाचला. अडीच तास कमी पडत होते, ते सूर्यानेच भरून काढायला हवे होते. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला.

"सर, लोड काय आहे तुमचा?" तिकडून एक बाई बोलल्या.

"पंखा. खरं म्हणजे घेतलं होतं ऑक्सिजनच्या मशीनसाठी."

"ऑक्सिजन? त्याला हे मॉडेल नाही पुरणार सर. दीड तास फार तर."

मी दिवसभराच्या भरवशावर घेतलं होतं. जाहिरातीत अख्खं घर चालवून दाखवलं होतं, हसरी माणसं, मागे कुत्रा. पेटी आधी आली असती तरी फार काही झालं नसतं, हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. मी त्या बाईंना थँक्यू म्हणालो आणि चहा ठेवला.

पॅनेल ठेवायला गच्ची हवी. गच्ची सोसायटीची. मी अर्ज केला, तीन प्रतींत, सवयीप्रमाणे. मुकुलरावांनी तीन दिवस नियमांचं पुस्तक वाचलं. कमिटीत चर्चा झाली. पॅनेलमुळे आकाशातली वीज ओढली जाईल का, असं एकाने विचारलं. तळमजल्याचे एक सभासद म्हणाले, गच्चीवर पडणारं ऊन सर्व सभासदांचं आहे, मग एकालाच का? हे गृहस्थ गेल्या नऊ वर्षांत गच्चीवर गेलेले नाहीत. पण आपल्या वाटचं ऊन दुसरा घेतोय म्हटल्यावर माणसाला ऊन आठवतं.

शेवटी मुकुलरावांनीच वाट काढली. "सोलरसाठी आपल्याकडे नियम नाही. परंतु वाळवणासाठी आहे. उन्हात ठेवण्याची वस्तू, स्वतःच्या जबाबदारीवर, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, नेमून दिलेल्या वारी. तुमची पॅनेलं मी वाळवणात घेतो."

अशा रीतीने वाळवणाच्या रजिस्टरमध्ये, कुरडया आणि सांडगी मिरच्यांच्या खाली, माझी नोंद झाली: "शिरसाट, दुसरा मजला, पॅनेल नग दोन, सोमवार व शुक्रवार." मी सही केली. शुक्रवार हा वार शेवंतीवहिनींचाही होता, ते त्याच पानावर वर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

वायरिंगला सुदेश आला. सुदेश दिवा स्टेशनजवळ राहतो, चाळिशीचा आहे, काम चांगलं करतो आणि कुठेही कामाला जाताना दोन रिकामे कॅन घेऊन जातो. त्यांच्याकडे पाणी येत नाही. आधी कॅन नळाखाली लावतो, मग पक्कड काढतो. त्यामुळे त्याचं काम कॅन भरेपर्यंत सावकाश आणि कॅन भरल्यावर फार वेगात होतं.

त्याने दोन्ही पॅनेल एकामागे एक जोडली. "काका, असं लावलं की ताकद डबल. दोन बैल एकाच दोरीला."

गच्चीपासून डक्टमधून केबल खाली सोडली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली आणि पेटीला लावली. पेटी किंचाळली. पडद्यावर लाल त्रिकोण आला. सुदेश म्हणाला, "नवीन आहे, घाबरलीय." आम्ही पुन्हा लावलं, ती पुन्हा किंचाळली. समोरच्या घरातून कुकर बंद करा म्हणून आवाज आला. परत हेल्पलाइन. त्याच बाई. त्यांनी सांगितलं की एकामागे एक जोडली तर व्होल्ट दुप्पट होतात आणि एवढे या पेटीला चालत नाहीत. शेजारी शेजारी जोडा, म्हणजे व्होल्ट तेवढेच राहतात आणि करंट वाढतो. नशीब, पेटीने स्वतःहून तोंड मिटलं होतं, नाहीतर जळाली असती.

मी हे सुदेशला सांगितलं. तो जरा दुखावला. "तेच करणार होतो. पण तुम्ही बोलला नाहीत ना."

शेजारी शेजारी जोडल्यावर पेटी गप्प झाली आणि पडद्यावर आकडा आला: एकशे अडतीस वॅट. सूर्याकडून आलेले. मी सुदेशला म्हणालो, "बघ." तो म्हणाला, "काका, कॅन भरला का बघा."

शेवंतीवहिनींना हे सगळं केबलमुळे कळलं, कारण ती त्यांच्या खिडकीवरून जाते. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातले. मग वर गच्चीत आल्या. हातात नारळ आणि झेंडूची माळ.

"भावोजी, नवीन मशीन असंच सुरू करतात काय?"

"वहिनी, आमच्या घरात नारळ फोडत नाहीत."

"तुमच्या घरात कुठे फोडतेय? गच्चीत फोडते. गच्ची सगळ्यांची."

यावर बौद्ध माणसानेच काय, कोणीही काय बोलायचं? त्यांनी कठड्यावर नारळ फोडला, माळ पॅनेलवर ठेवली आणि मला खोबरं दिलं. मी खाली जाऊन पेटी बघितली, आकडा एकशे अडतीसवरून नव्वदवर आला होता. त्या घरी गेल्यावर मी पुन्हा वर जाऊन माळ काढून कठड्याला लावली, पण खोबरं खाल्लं. पॅनेलवर जरा काही आडवं आलं तरी चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वहिनींना सांगायला हवं होतं. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावी कणकवलीकडे गेल्या.

मे महिना छान गेला. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला मी पॅनेल मांडायचो, पाचला खाली आणायचो. कुठेतरी कामाला वेळेवर पोचायचं असावं, तसं वाटायचं. तीन शुक्रवार पंखा संध्याकाळपर्यंत चालला. मी प्रियांकाला फोटो पाठवले. तिने अंगठा पाठवला, पण येणं रद्द केलं नाही.

ठरलेल्या शुक्रवारी ती साडेआठला आली. सोबत ऑफिसचा लॅपटॉप आणि एक मोठी रिकामी बॅग.

"बॅग कशाला?"

"सोय असावी."

मी आठलाच पॅनेल मांडून आलो होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. मी पंखा पेटीला लावला. तिने विचारलं, "लॅपटॉप लावू?" मी म्हणालो, "लाव की, इंटरनेटचा डबापण लाव." मोठेपणा करायची वेळ आली की माझं असं होतं. बसली कामाला. पंखा फिरत होता. मी पेपर धरून पडद्याकडे तिरकं बघितलं. येणारे वॅट: नऊ.

मला वाटलं ढग असेल. खिडकीतून बघितलं, आकाश कोरडं ठणठणीत. दहा वाजता नऊ. साडेदहाला सात. पेटीतली बॅटरी अर्ध्यावर आली होती.

"पप्पा, आत किती येतंय?"

"सूर्य अजून वर यायचाय."

"साडेदहा वाजलेत."

"मेमध्ये जरा उशीर होतो." हे वाक्य मी माझ्या इंजिनिअर मुलीला सांगितलं. मग पडद्यावर नॅपकिन टाकला, म्हणालो धूळ बसते, आणि कोथिंबीर आणायला म्हणून घराबाहेर पडलो. बाजार खाली आहे. मी वर गेलो.

गच्चीवर गावाहून परतलेल्या शेवंतीवहिनी डोक्याला पदर बांधून उकिडव्या बसल्या होत्या. माझ्या दोन्ही पॅनेलवर, कडेपासून कडेपर्यंत, पिवळाधमक फणसाचा रस पसरलेला होता. त्या वाटीच्या पाठीने तो सारखा करत होत्या.

"या भावोजी! बघा कशी सुकतेय फणसपोळी. ताटात तीन दिवस लागतात."

मी नुसता हात केला.

"काच धुतली हां मी. दोनदा. पुसून तूप लावलंय, अजिबात चिकटायची नाही. एवढं मोठं ताट बाजारात मिळत नाही, आणि खालून कसं गरम! तुमचं डोकंच भारी."

"वहिनी, हे ताट नाही."

"मग? रजिस्टरात तर वाळवण लिहिलंय. मी बघितलं. शुक्रवार तुमचा, शुक्रवार माझा. मी म्हटलं भावोजी एकटे, ते कशाला वाळवतायत, रिकामंच ठेवलंय मांडून."

तेवढ्यात मुकुलराव गच्चीच्या दारात आले. कावळे जमलेत म्हणून तळमजल्याने तक्रार केली होती. त्यांनी रजिस्टर उघडलं, पॅनेलकडे बघितलं, पुन्हा रजिस्टरकडे. "दोघांचीही नोंद वैध आहे. एका वाळवणावर दुसरं वाळवण घालू नये, असा नियम आपण केलेला नाही. पुढच्या सभेत घेऊ."

"पुढची सभा कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"मुकुलराव, माझ्याकडे एक तास आहे!" मी ओरडलो. मी ओरडत नाही. चौतीस वर्षांत एकदा ओरडलो होतो, ते टर्पेंटाइनला आग लागली म्हणून.

वहिनींच्या हातातली वाटी थांबली. "काय झालां?" त्या घाबरल्या की मालवणीत येतात.

मग मी सांगितलं. पंखा थांबला तर मला कोलशेतला जायचंय. खाली प्रियांका बॅग घेऊन बसलीय. मी शब्द दिलाय.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. आपणच तो फोन केला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं. "शिरा पडो माझ्या तोंडार," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "मुकुलभाऊ, ता पुस्तक ठेवा बाजूक. उलथनां आणा, दोन."

सेक्रेटरी मुकुल वैद्य रजिस्टर कठड्यावर ठेवून उलथनी आणायला धावले. हे मी स्वतः बघितलं.

अर्धी सुकलेली फणसपोळी ही जगातली सगळ्यात हट्टी वस्तू आहे. ती ओली असती तर पुसून निघाली असती, सुकली असती तर सोलून निघाली असती. ती दोन्हीच्या मधे होती. खाली तूप असूनसुद्धा लांब तार निघायची, आणि तार तुटली की ती हाताला. माश्या आल्या. वहिनींनी हा रस गावाहून डब्यात भरून आणला होता, लेकीच्या, जयाच्या सासरी द्यायला. तो त्या स्वतःच्या हाताने खरवडून पातेल्यात टाकत होत्या आणि एकदाही हळहळल्या नाहीत. मला ते बघवेना, म्हणून मी म्हणालो, "वहिनी, एक पॅनेल राहू द्या. एकावर भागेल."

"गप ऱ्हवा. भागणां-बिगणां नाय."

पाऊण तास झाला असेल. मी डोक्यावर टॉवेल, कोपरापर्यंत फणस, गुडघ्यावर बसून काच चोळत होतो. वर बघितलं तर दारात प्रियांका.

"कोथिंबीर?" ती म्हणाली.

तिने पॅनेल बघितली, पातेलं बघितलं, उलथनं धरलेले मुकुलराव बघितले. मुकुलराव म्हणाले, "तांत्रिक अडचण आहे." तिचा चेहरा कसातरी झाला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता कठड्याला टेकली, आणि मग थोडी रडलीसुद्धा, पण ते वेगळं होतं. मग तिने बाह्या वर केल्या आणि वहिनींशेजारी बसली.

"प्रियांका, तुझी मीटिंग?"

"गेली."

काम संपल्यावर आम्ही चौघांनी पातेल्यातला रस बोटांनी खाल्ला. काचेवरचा आहे, धूळ असेल, असं मुकुलराव म्हणाले आणि सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ला.

खाली आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. पंखा बंद होता. पेटीचा पडदा काळा होता.

मी हात धुतले आणि तिची रिकामी बॅग उघडली. शब्द म्हणजे शब्द. दोन शर्ट घडी करून आत ठेवले.

"पंखा किती वाजता थांबला?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? मी वर होतो."

"मीपण वर होते." ती स्टुलावर बसली. "म्हणजे थांबताना कोणी बघितला नाही."

"असं नसतं. थांबला तर थांबला."

"पप्पा, शर्ट काढा ते."

मी शर्ट हातात घेऊन उभा राहिलो. ती फणसाने चिकट झालेली बोटं पुसत होती. म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही इथे एकटे जिन्यात पडून असता. कोलशेतला तुमच्याशी कोण भांडणार? बाविसाव्या मजल्यावर तुमच्या पॅनेलवर कोण फणस घालणार?"

"कोणी नाही."

"मग राहा."

वरून ऊन येतच होतं. थोड्या वेळाने पेटीचा पडदा उजळला. मी बटण दाबलं आणि पंखा हळूहळू फिरायला लागला. तेवढ्यात खालून आवाज आला. कोथिंबीरवाली होती. प्रियांकाने खिडकीतून दोरीला पिशवी सोडून दोन जुड्या घेतल्या.

यालाही आता तीन आठवडे झाले, पाऊस लांबलाय. वहिनींचा वार गुरुवार झालाय. पॅनेल तीनदा धुतली तरी आकडा एकशे विसाच्या वर जात नाही, मी त्यावर समाधानी आहे. तूप कुठेतरी राहिलंय. मुंग्यांना गच्चीपासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत केबलचा सरळ रस्ता मिळालाय आणि त्या नेमाने येतात. जयाच्या सासरी वहिनींनी आंबापोळी पाठवली, ताटातली. प्रियांका दर शुक्रवारी फोन करून आकडा विचारते. मी खरा सांगतो.

गेल्या रविवारी सुदेश आला. कॅन नळाखाली लावले, मग डक्टमधल्या केबलला पट्ट्या ठोकल्या. पेटीपासून हॉलच्या पंख्याला आणि स्वयंपाकघराच्या दिव्याला कायमची वायर ओढून दिली. मग पेन्सिल कानामागे लावून म्हणाला, "काका, बेडरूमचं पण करून टाकू? पंधरा मिनिटांचं काम. तिथेच झोपत असाल ना?"

मी हॉलमध्ये झोपतो. जानेवारीपासून.

"बघू," मी म्हणालो. त्याने वायर गुंडाळून ठेवली.

बेडरूमची वायर ओढायची राहिली आहे.